बारशाआधीची ओळखपरेड

माणसाचं बारसं बाराव्या दिवशी उरकतं. जिवाणूच्या बारशाला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. त्यात नाव शोधायला जेमतेम एखाद-दोन संध्याकाळी लागतात. बाकीचा सगळा काळ हा कोण नाही, हे दाखवण्यात जातो. आजवर रीतसर नाव मिळालेल्या जिवाणूंच्या जाती २०,००० च्या पुढे गेल्या आहेत. समोरच्या प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या चपट्या ताटलीत, उठलेला ठिपका त्यांपैकी कुणीच नाही, एवढंच म्हणायचं असतं, पण ते म्हणायला पुरावा लागतो. ‘मला हा ओळखता आला नाही’ आणि ‘हा नवा आहे’ यांत मोठं अंतर आहे. या विषयातल्या बऱ्याचशा फजित्या ते अंतर एका उडीत पार करायला गेल्यामुळे होतात.

सुरुवात मात्र फार साधी. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची मूठभर माती पुरते. वरचा पालापाचोळा सारून चार बोटं खालची माती निर्जंतुक पिशवीत घ्यायची आणि शक्यतो त्याच दिवशी कामाला लागायचं. १ ग्रॅम माती ९ मिलिलिटर मिठाच्या पाण्यात, मीठ ०.८५ टक्के. खळखळून हलवायचं, त्यातलं १ मिलिलिटर पुढच्या नळीतल्या ९ मिलिलिटरमध्ये, त्यातलं पुढच्यात, असं सहाव्या नळीपर्यंत. दर वेळी पिपेटची टिप बदलायची. आळस करून तीच टिप वापरली की आधीच्या नळीतली गर्दी पुढे सरकते आणि सगळी मोजणी बोंबलते. शेवटच्या दोन-तीन नळ्यांमधले १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरायचे. जिच्यावर ३० ते ३०० कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, आल्या ती प्लेट कामाची, असं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. मोजणीपुरतं ते खरंच आहे. नवं काही शोधायचं असेल तर मात्र ३० च्या आतली, कॉलन्या एकमेकींपासून लांब उभ्या असलेली प्लेट जास्त मोलाची. हळू वाढणाऱ्याला तिथेच जागा मिळते.

जागेइतकंच महत्त्व जेवणाला. श्रीखंड-पुरीची पंगत मांडली की कोण आधी पाट धरून बसणार हे ठरलेलं असतं. ट्रिप्टिक सॉय ब्रॉथ या मीडियममध्ये (मीडियम म्हणजे जिवाणूंचं तयार जेवण) लिटरमागे ३० ग्रॅम खाद्य असतं. त्यावर मातीतले बॅसिलस आणि स्यूडोमोनास रात्रीत तुटून पडतात आणि सकाळी प्लेट भरलेली दिसते. सगळे ओळखीचे चेहरे. त्याउलट आर-टू-ए नावाचा मीडियम घ्या. पिण्याच्या पाण्यातले जिवाणू मोजण्यासाठी १९८५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात यीस्टचा अर्क, पेप्टोन, ग्लुकोज, स्टार्च असं प्रत्येकी अर्धा ग्रॅम, आणि अगार (मीडियम गोठवणारा पदार्थ) सोडला तर सगळं मिळून लिटरला तीन ग्रॅमच्या थोडं वर. उपासाचं जेवण. यावर अधाशी मंडळी फार माजत नाहीत आणि उपाशी राहायची सवय असलेले हळूहळू डोकं वर काढतात. तेही जास्त वाटलं तर हाच मीडियम दहापट पातळ करून वापरतात.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण तो अनेक वर्षं कुणाच्याच लक्षात आला नव्हता. आपण फॉस्फेट आणि अगार एकाच बाटलीत घालून ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं) लावतो. जपानमधल्या एका गटाने २०१४ साली दाखवलं, की असं एकत्र शिजवल्यावर मीडियममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्यामुळे येणाऱ्या कॉलन्यांची संख्या घटते. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत निर्जंतुक करून नंतर मिसळले, तर त्याच मातीतून जास्त कॉलन्या येतात, आणि त्यात आधी न दिसलेलेही असतात. एवढी एक जादा बाटली धुवायची तयारी हवी. लोणारसारख्या सरोवराच्या पाण्यावर काम करायचं असेल तर हेच पथ्य दुसऱ्या कारणाने पाळावं लागतं. तिथल्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास. सोडियम कार्बोनेट अगारबरोबर शिजवलं तर अगार तपकिरी पडतो आणि नीट गोठतही नाही. म्हणून कार्बोनेट वेगळं निर्जंतुक करून मीडियम साधारण ६० अंशांवर आल्यावर त्यात ओतायचं. इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस आणि नायट्रिटालिया हॅलअल्कॅलिफिला हे दोन्ही लोणारच्या पाण्यातून आलेले. ती नुसती नव्या जातीची नावं नव्हती. २०१० साली दोन्ही नव्या प्रजाती म्हणून, म्हणजे वरच्या पायरीवरची नावं म्हणून प्रसिद्ध झाली. साध्या न्यूट्रिएंट अगारवर सात पीएचला कुणी ते पाणी पसरलं असतं, तर ती दारं ठोठावूनही कुणी बाहेर आलं नसतं.

प्लेटा २८ अंशांना ठेवायच्या, उलट्या, पॅराफिल्म गुंडाळून. आणि मग थांबायचं. दुसऱ्या दिवशी जे दिसतं त्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचं. खरी गंमत दुसऱ्या आठवड्यानंतर सुरू होते, चौथ्या आठवड्यापर्यंत चालते. टाचणीच्या टोकाएवढे, काही वेळा भिंगाशिवाय न दिसणारे ठिपके मागाहून येतात. पुण्यात जून ते सप्टेंबर ही महिनाभराची वाट पाहणं म्हणजे बुरशीशी झुंज असते. हवेत बीजाणू तरंगत असतात, झाकणाला आतून पाणी सुटतं, एक थेंब कॉलन्यांवरून ओघळला की महिन्याची मेहनत गेली. मीडियममध्ये मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घातलं की बुरशी बरीचशी आटोक्यात राहते. पण ते विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळायचं. ओतताना मीडियम फार गरम नसावा, ५० अंशांच्या जवळ आला की ओतावा, आणि ओतलेल्या प्लेटा वापरण्याआधी रात्रभर तशाच सुकू द्याव्यात. एवढ्याने निम्मं पाणी कमी होतं.

आता त्या ठिपक्याला एकट्याला बाहेर काढायचं. हे काम सगळ्यांत कमी मानाचं, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं. लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली तार, ज्योतीत लालभडक करायचा, अगारच्या कडेला टेकवून गार करायचा (चर्र आवाज आला तर अजून गरम होता), कॉलनीला नुसता स्पर्श करायचा, खणायचं नाही. नव्या प्लेटच्या एका कोपऱ्यात दाट रेघा. लूप पुन्हा जाळायचा. पहिल्या रेघांच्या टोकातून दोन-तीन वेळा ओढून दुसरा कोपरा. पुन्हा जाळायचा. असे चार कोपरे. चौथ्या कोपऱ्यात एकेक कॉलनी सुटी यायला हवी. त्यातली एक घेऊन पुन्हा तेच, आणि त्यातली एक घेऊन तिसऱ्यांदा. तीनदा का, तर बुळबुळीत आवरण तयार करणारे जिवाणू आपल्या चिकट्यात दुसऱ्या कुणालातरी घेऊन फिरतात. दिसायला कॉलनी गुळगुळीत, एकसारखी. मायक्रोस्कोपखाली जाड दांड्यांच्या गर्दीत मधूनच बारीक गोल दाणे दिसतात, आणि मग लक्षात येतं, की गेला महिनाभर आपण एकाची नाही, दोघांची वरात मिरवत होतो.

जांभळा रंग धरणारे (ग्रॅम-पॉझिटिव्ह) आणि न धरणारे (ग्रॅम-निगेटिव्ह) असे जिवाणूंचे दोन गट पाडणारी ग्रॅमची रंगचाचणी १८८४ पासून चालत आली आहे, तरी अजूनही तिच्यावर लोक फसतात. २४ तासांच्या आतलं कल्चर (वाढवलेले जिवाणू) घ्यावं हे पुस्तकात असतं. पण हळू वाढणारा जिवाणू पाचव्या दिवशी कुठे तरुण होतो. म्हातारी ग्रॅम-पॉझिटिव्ह पेशी जांभळा रंग धरून ठेवत नाही, गुलाबी दिसते, आणि नोंदवहीत चुकीचा रकाना भरला जातो. शंका आली तर स्लाइडवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घेऊन त्यात लूपभर कल्चर कालवावं. अर्ध्या-एक मिनिटात लूप उचलल्यावर पाकाच्या तारेसारखी तार निघाली तर बहुधा ग्रॅम-निगेटिव्ह. पेशीची भिंत फुटून आतला डीएनए बाहेर आल्याने ती तार येते. ऑक्सिडेज हे एन्झाइम आहे का, हे कागदावरच्या जांभळ्या रंगाने दाखवणाऱ्या चाचणीचंही तसंच. निक्रोमच्या लूपने कल्चर कागदावर घासलं तर लूपमधला धातूच कागद जांभळा करतो. निर्जंतुक टूथपिक वापरावी, आणि रंग दहा सेकंदांत आला तरच तो धरावा. मिनिटभराने आलेल्या जांभळ्याला काही अर्थ नाही.

एवढं झालं की १६एस. रायबोसोम हे प्रथिनं बनवणारं यंत्र प्रत्येक जिवाणूत असतं. त्याच्या एका भागाचा, साधारण १५०० अक्षरांचा जीन, तोच हा १६एस, सगळ्यांकडे आहे, आणि तो फार सावकाश बदलतो. कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच रेणूच्या तुकड्यांची तुलना करून १९७७ मध्ये आर्किया हा गट जिवाणूंपासून वेगळा काढला. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण म्हणून ज्या मीठप्रेमी हॅलोआर्कियांकडे बोट दाखवलं, ते याच गटातले. दिसायला जिवाणूंसारखे, पण घराणं निराळं.

प्रयोगशाळेत या जीनच्या दोन टोकांना बसणारे २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) इतके रुळले आहेत, की त्यांची नावं घरच्या माणसांसारखी घेतली जातात. त्यांच्या आधारे पीसीआर करून जीनच्या असंख्य प्रती काढायच्या: ५५ अंशांना प्रायमर चिकटवायचे, ७२ अंशांना दीड मिनिट लांबी वाढवायची, अशा ३० फेऱ्या. मग १ टक्का अगारोजच्या जेलवर दीड हजाराच्या जागी एक ठसठशीत पट्टी. शेजारच्या खिडकीत, जिच्यात डीएनए घातलाच नव्हता, तिथेही पुसटशी पट्टी दिसली तर घाबरून सगळी रसायनं फेकू नयेत. पॉलिमरेज हे एन्झाइमच ई. कोलायमधून काढलेलं असतं आणि त्याचा उरलासुरला डीएनए त्यात असू शकतो. फेऱ्या ३५ लावल्या असतील, तर त्या ३० केल्यावर ती पट्टी बहुतेक वेळा जाते. नाही गेली तर मग शोध घ्यायचा.

डीएनए वाचायच्या सँगर पद्धतीच्या एका वाचनात सातशे ते नऊशे अक्षरं भरवशाची मिळतात. पहिली तीस-चाळीस धूसर असतात, शेवटची कंटाळल्यासारखी पसरट. त्यामुळे दोन्ही टोकांनी वाचून मध्ये जोडावं लागतं, आणि चित्रातले चढ-उतार डोळ्यांनी तपासावे लागतात. एकाच जागी दोन रंगांचे उंचवटे, आणि तेही ओळीने, म्हणजे कल्चर मिसळलेलं आहे. पुन्हा स्ट्रीकिंगकडे, म्हणजे त्या चार कोपऱ्यांच्या रेघांकडे, चला.

इथे थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. जवळच्या ज्ञात जातीशी १६एसची सारखेपणाची टक्केवारी ९८.७ च्या खाली असेल तर नव्या जातीचा संशय घ्यावा, असा आता सर्वसाधारण संकेत आहे. १९९४ मध्ये हीच रेषा ९७ टक्के होती, २००६ च्या सुमारास ती वर सरकली. आता १४५० अक्षरांवर १.३ टक्का म्हणजे एकोणीस अक्षरं. एवढ्याच फरकावर नव्या-जुन्याचा पहिला निकाल लागतो. वाचनाची टोकं न छाटल्यामुळे दहा अक्षरं चुकीची राहिली, तर ९९.३ चे ९८.६ होतात, आणि ओळखीचा जिवाणू कागदावर नवा होऊन बसतो. घाईने जाहीर केलेल्या ‘नव्या’ जातींमागे खूपदा इतकंच असतं, दहा अक्षरं नीट न पाहिल्याची गोष्ट.

दुसरा खड्डा तुलनेत आहे. वाचलेला सिक्वेन्स ब्लास्टला, म्हणजे सार्वजनिक साठ्यात जुळणी शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, लावला की वर येणारं पहिलं नाव हेच उत्तर, असं नवखे धरून चालतात. त्या साठ्यात कुणीही टाकलेले सिक्वेन्स असतात. नावं चुकलेली असतात, आणि ‘न वाढवलेला जिवाणू’ अशी निनावी रांगच्या रांग असते. आपल्याला तुलना करायची आहे ती टाइप स्ट्रेनशी. ज्या एका नमुन्यावरून त्या जातीचं नाव पडलं, तो. म्हणून निवडून-पारखून ठेवलेल्या साठ्यातच शोध घ्यावा, निदान टाइप स्ट्रेनची चाळणी तरी लावावी. आणि नावं खरी की शिळी, हे जर्मनीच्या डीएसएमझेड या सूक्ष्मजीव संग्रहाने सांभाळलेल्या एलपीएसएन या यादीत पडताळावं.

आणि ९९.५ टक्के जुळला म्हणजे जुनाच, असंही नाही. बॅसिलस ग्लोबिस्पोरस आणि बॅसिलस सायक्रोफिलस या नावांच्या दोघांचा १६एस साडेनव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त जुळतो, तरी त्यांचे डीएनए एकमेकांना धड चिकटत नाहीत, हे १९९२ मध्ये दाखवलं गेलं. १६एस गल्ली दाखवतो. घरनंबर त्याच्याकडे नसतो.

घरनंबरासाठी पूर्ण जीनोम. पूर्वी दोन जातींचे डीएनए उकळून, एकत्र करून, किती पुन्हा जुळतात हे मोजायचे. १९८७ मध्ये ७० टक्क्यांची रेषा ठरली. मोजणी कटकटीची होती, दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळायचे नाहीत. आज दोन्ही जीनोम वाचून संगणकावर एएनआय, म्हणजे जुळणाऱ्या तुकड्यांमधलं सरासरी साम्य काढतात. ९५-९६ च्या खाली असेल तर जात वेगळी. जुन्या सत्तर टक्क्यांचा हिशेबही आता संगणकावरच होतो. जीनोमचं वाचन किमान पन्नास पट खोलीचं, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी पन्नासदा वाचलेलं, असावं असा दंडक २०१८ पासून आहे, आणि त्यातली एक अट फार शहाणपणाची आहे. जीनोममधून काढलेला १६एस आणि सँगरने वेगळा वाचलेला १६एस एकमेकांशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर ज्या नळीतून जीनोमसाठी डीएनए गेला त्या नळीत कुणीतरी दुसराच होता. हे घडतं. लेबल पुसट झालेलं असतं, डीप फ्रीझरमधला डबा सरकलेला असतो.

आकड्यांनीच सगळं ठरत असेल तर मग चाचण्यांचा पसारा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नवी जात म्हणून वर्णन करताना तापमान ४ ते ४५ अंश, पीएच ४ ते ११, मीठ शून्य ते दहा टक्के, अशा रांगा लावाव्या लागतात. मेदाम्लं, ध्रुवीय लिपिड, क्विनोन तपासावे लागतात. यातलं काही निव्वळ रिवाज म्हणून चाललं आहे, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही. पण पीएचची रांग नीट लावली तर त्या जिवाणूची घरची परिस्थिती कळते. बफर न घालता नुसतं सोडा आणि आम्ल टाकून पीएच लावला, की ऑटोक्लेव्हनंतर १० चा ८.६ झालेला असतो, आणि ‘१० ला वाढतो’ हे खोटं ठरतं. शेवटी मोजून पाहायलाच हवा.

मेदाम्लांचं तर वागणं हवामानासारखं. तोच जिवाणू ३७ अंशांना वाढवला तर एक पत्रिका, २८ ला वाढवला तर दुसरी. म्हणून नवा आणि त्याचे जवळचे नातेवाईक एकाच मीडियमवर, एकाच तापमानाला, वाढीच्या एकाच टप्प्यावर, शक्यतो एकाच दिवशी काढायचे. सुमारे ४० मिलिग्रॅम ओल्या पेशी, आणि मग साबणीकरण, मिथिलीकरण, निष्कर्षण, धुणं या चार पायऱ्या. दुसऱ्याच्या पेपरमधले आकडे उचलून शेजारी मांडण्याचा मोह होतो. तसं केलेला तक्ता दिसायला देखणा, पण तुलना म्हणून त्याची किंमत शून्य. लिपिड वेगळे करायची सिलिकाची काचपट्टी पावसाळ्यात वापरायची असेल तर ती ओव्हनमध्ये तापवून लगेच वापरावी. दमट हवेत सिलिका पाणी पिऊन बसते, आणि डाग कधी लांब पळतात, कधी एकमेकांत मिसळतात.

एवढं सगळं करून हाती एकच स्ट्रेन, म्हणजे एकाच कॉलनीतून आलेला वंश, असतो. एका माणसावरून गावाचं वर्णन लिहिण्यातला हा प्रकार. नियम त्याला मनाई करत नाही, आणि बहुतेक नव्या जातींचं वर्णन असंच एकाच स्ट्रेनवर बेतलेलं असतं. पण त्याच टेकडीवरच्या चार जागांची माती पुन्हा तपासून आणखी दोन-तीन भावंडं मिळवली, तर कोणतं लक्षण जातीचं आणि कोणतं त्या एकट्याचं, हे तरी कळेल. एक महिना जादा जातो. जाऊ द्यावा.

मग नाव. ते लॅटिनच्या व्याकरणात बसवायचं असतं, आणि इथे मराठी माणसाला थोडं सोपं जावं, कारण लिंगानुसार विशेषण बदलायची आपल्याला सवय आहे. बॅसिलस पुल्लिंगी, साल्मोनेला स्त्रीलिंगी, फ्लॅव्होबॅक्टेरियम नपुंसकलिंगी. म्हणून भारतातला बॅसिलस ‘इंडिकस’, पण फ्लॅव्होबॅक्टेरियम ‘इंडिकम’. गावाच्या नावाला पहिल्या दोन लिंगांत ‘एन्सिस’ लागतं, तिसऱ्यात ‘एन्से’. माणसाच्या नावाने जात ठेवता येते. स्वतःच्या नावाने ठेवू नये असा संकेत आहे, आणि तो बहुतेक लोक पाळतात. आघारकर संस्थेतल्या गटाने भातखाचरातून मिथेन खाणारा एक फिकट गुलाबी, आडदांड जिवाणू वेगळा केला, त्याला २०१८ मध्ये ‘मिथायलोकुकुमिस ओरायझी’ म्हटलं. कुकुमिस म्हणजे काकडी, ओरायझी म्हणजे भाताचा. भातातली काकडी! त्या नावाआधी ‘कँडिडेटस’, म्हणजे उमेदवार, अशी पाटी होती. नियमांच्या सगळ्या अटी अजून पुऱ्या न झालेल्यांसाठी ती पाटी १९९० च्या दशकात ठरवली गेली.

या अटींतली सगळ्यांत जड अट कागदावरची नाही. १ जानेवारी २००१ पासून नियम असा, की टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या किमान दोन सार्वजनिक संग्रहांत जिवंत जमा झाला पाहिजे, आणि तिथून तो मागणाऱ्याला मिळाला पाहिजे. तशी प्रमाणपत्रं असल्याशिवाय नाव वैध होत नाही. वनस्पतीशास्त्रात वाळवून कागदावर चिकटवलेली फांदी चालते, प्राणिशास्त्रात पेंढा भरलेला पक्षी चालतो. जिवाणूशास्त्राला नमुना जिवंतच लागतो. २०२२ मध्ये सीक्वकोड नावाची वेगळी नियमावली आली, तिने जीनोमचा सिक्वेन्सच टाइप म्हणून चालेल असं मान्य केलं. न वाढणाऱ्यांसाठी ती सोय आहे. वाढणाऱ्याला वाढवून ठेवायचा आळस करायला ती नाही, असं या लेखणीचं मत.

या बाबतीत पुणं सुदैवी. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा एनसीआयएम हा संग्रह आहे, आघारकर संस्थेचा स्वतःचा आहे, आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, जे आधी एमसीसी म्हणून ओळखलं जायचं, तेही इथलंच. पेटंटसाठीच्या बुडापेस्ट करारानुसार त्याला २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय ठेव केंद्राचा दर्जा मिळाला. घरच्या संग्रहाचा प्रश्न रिक्षाने सुटतो. दुसऱ्या देशाचा प्रश्न सुटायला मात्र वेळ लागतो, कारण २००२ चा जैवविविधता कायदा आपल्या मातीतली सूक्ष्मजीवसंपत्ती मोकळेपणाने बाहेर जाऊ देत नाही, आणि नामकरणाचा नियम म्हणतो, की टाइप स्ट्रेनवर कुणाचाही निर्बंध नको. दोन्हींची कारणं योग्य. मधे सापडतो तो संशोधक. परवानगीचा अर्ज प्लेटवर पहिला ठिपका उठल्याबरोबर लिहायला घ्यावा, पेपर लिहून झाल्यावर नव्हे.

जिवंत नमुन्याचा एवढा आग्रह का, हे तीन नावांच्या गोष्टीत दिसतं. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून खाली आणली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या पेशी विज्ञान केंद्रात त्यावर काम झालं. १२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशीच्या कॉलन्या मिळाल्या, आणि २००९ मध्ये तीन नव्या जाती प्रसिद्ध झाल्या: खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या नावाची जॅनिबॅक्टर हॉइलाय, इस्रोच्या नावाची बॅसिलस इस्रोनेन्सिस, आणि बॅसिलस आर्यभट्टाय. वर्तमानपत्रांत मथळे आले. पुढे काय झालं याचे मथळे आले नाहीत. इस्रोनेन्सिस २०१६ मध्ये सॉलिबॅसिलस या प्रजातीत गेला. आर्यभट्टायबद्दल २०१९ मध्ये जीनोम तपासून असं मांडलं गेलं, की ही १८८४ पासून माहीत असलेल्या बॅसिलस मेगाटेरियमचीच जात आहे, म्हणजे जुनं नाव राहील आणि नवं त्यात विरेल; तर २०२० मध्ये दुसऱ्या गटाने दोघांनाही प्रीस्टिया या नव्या प्रजातीत हलवलं. त्याच वर्षी लॅक्टोबॅसिलसचे पंचवीस तुकडे झाले, आणि दह्या-ताकातला ओळखीचा केसाय ‘लॅक्टिकेसिबॅसिलस केसाय’ होऊन बसला. ताकाची चव होती तीच राहिली.

यात कुणी आधी चुकलं होतं असं नाही. २००९ मध्ये उपलब्ध होते त्या मोजमापांत ती जात वेगळी ठरत होती. दहा वर्षांनी मोजमाप बदललं तेव्हा वाद घालायला वस्तू हातात होती. संग्रहाला मागणी करायची, नळी मागवायची, जीनोम वाचायचा. १८८४ च्या मेगाटेरियमचा टाइपही तसाच मागवता येतो.

ती नळी म्हणजे काचेची करंगळीएवढी अँप्यूल, आत दुधाच्या भुकटीत वाळवलेल्या पेशींची पांढरी गोळी, निर्वात करून तोंड वितळवून बंद केलेलं. उघडताना टोक ज्योतीत चांगलं तापवायचं, त्यावर पाण्याचे एक-दोन थेंब सोडायचे, काच तडकते. चिमट्याने टोक उडवायचं, आतली कापसाची गुडदी काढून बाजूला धरायची, अर्धा मिलिलिटर ब्रॉथ सोडायचा आणि अर्धा तास भिजू द्यायचं. मग त्यातला काही भाग ब्रॉथमध्ये, थोडा प्लेटवर. दोन दिवसांत प्लेट कोरी दिसली म्हणून फेकायची नाही. वाळलेल्या पेशींना नेहमीच्या दुप्पट वेळ सहज लागतो, आणि पहिल्या फेरीत आलेल्या कॉलन्या बारीक, मरगळलेल्या असतात. त्यातली एक उचलून पुन्हा चार कोपरे.